शाफ्टला वेल्डिंग, बिल अडीचपट: गाडी कशी सोडवावी?

प्रश्न: मी कॅलिफोर्नियात राहतो. माझ्या १९६९ च्या कॅमॅरोचं स्टीअरिंग हलायला लागलं, म्हणून टिल्ट कॉलम, म्हणजे चाकाचा कोन बदलू देणारा स्टीअरिंगचा खांब, दुरुस्तीला दिला. लेखी एस्टिमेट ९५० डॉलरचं होतं. आता 'पूर्ण कॉलम रिबिल्ड केला' म्हणून, मला काही न विचारता, २,४०० मागतात आणि गाडी अडवून धरली आहे. शाफ्टवर वेल्डिंगही दिसलं. काय करू?

उत्तर: आधी वेल्डिंगचं बोलतो, कारण तिथे तुमच्या जिवाचा प्रश्न आहे. कॉलमच्या आतून जाणाऱ्या या शाफ्टचा, म्हणजे दांड्याचा, एक भाग दुसऱ्यात सरकतो आणि आत ओतलेल्या प्लास्टिकच्या पिना त्याला जागेवर धरतात. समोरून धडक बसली की पिना तुटतात, शाफ्ट आत सरकून आखूड होतो आणि स्टीअरिंगचं चाक चालकाच्या छातीवर येत नाही. कॉलम खोलताना शाफ्टच्या टोकावर हातोडा मारला तरी त्या पिना तुटतात. मग शाफ्ट खुळखुळतो. तो वेल्ड करून टाकला की खुळखुळ थांबते, पण शाफ्ट आखूड व्हायचाही थांबतो. ही गाडी चालवत घरी नेऊ नका, टो करूनच न्या.

कायद्यात याला आधार आहे. स्टीअरिंग मागे ढकललं जाण्यावर मर्यादा घालणारं संघीय मानक क्रमांक २०४ हे १ जानेवारी १९६८ पासून लागू आहे, म्हणजे तुमची गाडी त्यात येते. संघीय कायद्याच्या ४९ व्या शीर्षकातलं कलम ३०१२२ दुरुस्ती करणाऱ्या व्यावसायिकाला अशी सुरक्षा-रचना जाणूनबुजून निकामी करायला मनाई करतं. त्याखाली दंड सरकार करतं, भरपाई तुम्हाला थेट मिळत नाही. तरी काम निकृष्ट झालं हे दाखवायला याहून चांगला मुद्दा तुमच्याकडे नाही.

आता पैसे. राज्याच्या बिझनेस अँड प्रोफेशन्स कोडचं कलम ९८८४.९ सांगतं की एस्टिमेट अपुरं पडतंय हे कळल्यावर, जादा काम सुरू करण्यापूर्वी, ग्राहकाची संमती घ्यावीच लागते. फोनवर घेतली असेल तर तारीख, वेळ, संमती देणाऱ्याचं नाव आणि फोन नंबर नोंदलेला हवा. ती नोंद मागा. नसेल तर वरचे १,४५० डॉलर त्यांना मागता येत नाहीत. टिल्ट ढिला होण्याचं नेहमीचं कारण आतले ४ स्क्रू सैल होणं. तिथवर पोचायला स्टीअरिंगचं चाक, लॉक प्लेट, इंडिकेटर स्विच, टिल्टची स्प्रिंग आणि २ पिव्हट पिना काढाव्या लागतात. मजुरी त्याचीच असते, त्यामुळे ९५० चा आकडा त्या कामाला पटण्यासारखा आहे.

गाडी अडवण्याचा हक्क गॅरेजला असतो, पण नोंदणीकृत असेल तरच. ब्युरो ऑफ ऑटोमोटिव्ह रिपेअर या गॅरेजांवर देखरेख करणाऱ्या राज्याच्या खात्याच्या संकेतस्थळावर त्यांची नोंदणी आजच तपासा. ती वैध नसेल तर कलम ९८८४.१६ प्रमाणे त्यांना गाडी रोखता येत नाही आणि पैशांसाठी दावाही लावता येत नाही. वैध असेल तर ९५० देऊ करणारं ईमेल पाठवा. नकार आला तर पूर्ण रक्कम भरा, पण बिलावर 'निषेध नोंदवून भरले' असं इंग्रजीत लिहून सही करा. स्टोरेजचा, म्हणजे गाडी तिथे ठेवल्याच्या भाड्याचा, मीटर चालू ठेवण्यापेक्षा हे स्वस्त पडतं.

त्यानंतर जादा रक्कम आणि कॉलम नीट करण्याचा खर्च मागणारं पत्र पाठवा. दाव्याआधी मागणी करावी लागते. ब्युरोकडेही तक्रार करा. ते मध्यस्थी करतात, मात्र पैसे द्यायचा आदेश देऊ शकत नाहीत. स्मॉल क्लेम्स कोर्टात, म्हणजे छोट्या रकमेच्या दाव्यांच्या कोर्टात, व्यक्तीला १२,५०० डॉलरपर्यंत दावा करता येतो. तिथे वकील उभा राहत नाही आणि दावा हरलात तर तुम्हाला अपील नाही, म्हणून पुरावा पहिल्याच दिवशी पक्का हवा. दुसऱ्या गॅरेजकडून लेखी तपासणी अहवाल घ्या आणि काहीही उघडण्याआधी वेल्डिंगचे फोटो काढा. शाफ्ट बदलाल तेव्हा काढलेला तुकडा परत मागून घ्या, तोही वर्क ऑर्डर लिहितानाच, कारण जुने भाग मागायचा हक्क त्या वेळी बजावायचा असतो. सुनावणीला तो तुकडा सोबत न्या.