परिषदेत काय ऐकायचं, आणि परत येऊन काय लिहायचं

कृषिविद्येत एमएससी करून तू जर्मनीत पीएचडीला निघाली आहेस, आणि पुढे आंतरराष्ट्रीय विकासाच्या क्षेत्रात काम करायचं मनात आहे. परिषदांना जाण्यात अर्थ आहे का, नवख्या माणसाला तिथे कुणी विचारतं का, आणि पुढे नोकऱ्या आहेत का, असं तू विचारलंस. ताई म्हणून विचारलंस, तेव्हा मीही अगं-तुगं करूनच सांगते. मला इथे जर्मनीत येऊन ८ वर्षं झाली.

जा. पहिली परिषद म्हणून ट्रोपेनटागच निवड. उष्ण कटिबंधातल्या शेतीवरची ही परिषद सप्टेंबरच्या आसपास भरते. दरवर्षी गाव बदलतं: कधी बॉन, कधी ग्योटिंगेन, कधी होहेनहाइम, मध्येच प्राग नाहीतर व्हिएन्ना. पीएचडी करणारी मुलंमुली तिथे पुष्कळ असतात, म्हणून पहिलं पोस्टर, म्हणजे आपलं संशोधन मांडणारा फलक, लावायला फारशी भीती वाटत नाही. संशोधनाचा सारांश मात्र कित्येक महिने आधी मागवतात. निकाल हातात आले की पाठवू, असं म्हणत मी एक अख्खं वर्ष घालवलं. जर्मनीचा निवास परवाना असला की प्राग-व्हिएन्नाला वेगळा व्हिसा लागत नाही. लंडनला लागतो.

पहिल्या परिषदेहून मी वहीभर आकडे घेऊन आले. विभागात सगळ्यांना सांगायला उभी राहिले, तर एका सहकाऱ्याने विचारलं, "हे शेतकऱ्यांनी वापरलं का?" मला सांगता येईना. तेव्हापासून प्रत्येक भाषणाला मी एकच गोष्ट टिपते: हे कुणाच्या हातात पोचलं, आणि का पोचलं.

स्वर्णा-सब१ भाताचं उदाहरण घे. ओडिशातल्या एफआर१३ए या जुन्या भातात पुराखाली तग धरण्याचा गुण होता. त्यामागचं सब१ए जनुक २००६ मध्ये सापडलं, आणि भारतात वाण प्रसारित झालं २००९ मध्ये. साधारण दोन आठवडे पाण्याखाली राहूनही रोप वाचतं. पण मला विशेष वाटतं ते वेगळंच. फिलिपिन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने हा गुण नव्या वाणात आणला नाही, लोक आधीपासून लावत होते त्या स्वर्णातच आणला. शेतकऱ्याला सवय, बाजार, चव, काही बदलावं लागलं नाही. वहीत हे लिहायचं असतं.

असं बरंचसं मंचावरून कळत नाही, चहाच्या वेळेला कळतं. नैरोबीच्या 'इसिपे' या कीटक-संशोधन संस्थेने पुढे आणलेली पुश-पुल पद्धत तू वाचली असशील: मक्याच्या ओळींमध्ये डेस्मोडियम हे शेंगवर्गीय पीक, कडेने नेपियर गवत, आणि त्याने खोडकिडा व टारफुला हे परजीवी तण, दोन्हींवर उपाय. केनियातल्या एका कीटकशास्त्रज्ञाने मला चहा पिता पिता सांगितलं, की दावणीला गुरं असतील तिथे ती जास्त टिकते, कारण डेस्मोडियम आणि नेपियर दोन्ही चारा म्हणूनही चालतात. म्हणून आपल्याच लोकांच्या घोळक्यात बसू नकोस. घाना, इथिओपिया, नेपाळच्या माणसांपाशी जा.

आणि हो, नवख्या माणसाला नक्की विचारतात. पोस्टरपाशी उभी राहशील तेव्हा पहिलं वाक्य शेतकऱ्याच्या अडचणीचं असू दे, तुझ्या पद्धतीचं नंतर. इंग्रजीबद्दल माफी मागत सुरुवात करू नकोस. कोरडवाहू शेतात उभं राहून नोंदी घेतलेला माणूस त्या दालनात विरळाच असतो, आणि तू तशी आहेस.

परत आलीस की आठवड्याच्या आत दोन पानं लिही, मराठीतही. कृषी विज्ञान केंद्रात काम करणाऱ्या तुझ्या मित्रमैत्रिणींना ती पाठव. त्यांना तिथे यायला मिळत नाही, आणि उपयोग सगळ्यात जास्त त्यांनाच आहे. कुणाचे अप्रकाशित निकाल किंवा पोस्टरचा फोटो मात्र विचारल्याशिवाय पुढे पाठवू नकोस.

नोकऱ्यांचं खरं तेच सांगते. दिवस कठीण आहेत. २०२५ मध्ये अमेरिकेने यूएसएड ही परदेशांना विकासासाठी मदत देणारी आपली सरकारी संस्था बंद केली आणि तिथल्या विद्यापीठांतले शेती संशोधनाचे कितीतरी प्रकल्प मध्येच थांबले. जर्मनीनेही विकास सहकार्याचा निधी कमी केला आहे. आंतरराष्ट्रीय संशोधन केंद्रांतही बरीच कामं दोन-तीन वर्षांच्या करारावर मिळतात. म्हणून पीएचडीत असं एखादं कौशल्य पक्कं कर, जे या क्षेत्राबाहेरही चालेल: संख्याशास्त्र, उपग्रह प्रतिमांचं विश्लेषण, नाहीतर घरोघरच्या सर्वेक्षणाची नीट आखणी.

एक राहिलं. परिषदेचं शुल्क आणि प्रवासाचा खर्च प्रकल्पात धरलाय का, आणि पैसे आगाऊ मिळतात की आधी स्वतः भरून मग परत घ्यायचे, हे मार्गदर्शकांना करारावर सही करण्याआधीच विचार. परताव्याला महिने लागू शकतात, आणि पहिल्या वर्षी हाताशी तेवढे पैसे नसतात.