ई-पुस्तक घेतले, पण वाचनालयाचे झाले का?

प्रश्न : आमच्या ‘ब’ वर्ग सार्वजनिक वाचनालयाने एका सभासदाच्या खात्यावरून ई-पुस्तके घेतली असून ती टॅबवर सगळ्यांना वाचायला देतो. जीर्ण पुस्तके स्कॅन करून संकेतस्थळावर टाकण्याचाही विचार आहे. काही अडचण?

उत्तर : आहे, दोन्हीकडे.

छापील प्रत दाखल नोंदवहीत चढली की ती संस्थेची. पाने सुटेपर्यंत देवघेव करा. ई-पुस्तकाखाली ‘विकत घ्या’ असे बटण असले, तरी अटी उघडून वाचा. मिळतो तो बहुधा एका व्यक्तीपुरता वाचनाचा परवाना. अमेरिकेत हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने २०११ साली ग्रंथालयांना एका ई-प्रतीवर २६ देवघेवींची मर्यादा घातली होती. सत्ताविसाव्या वाचकासाठी पुन्हा पैसे. ही वाचकांवर अन्यायाची गोष्ट आहे. म्हणून दुकानाऐवजी थेट हक्कधारकाला, म्हणजे लेखक किंवा प्रकाशकाला गाठा आणि लेखी परवानगी घ्या : कुलूप नसलेली ईपब (ई-पुस्तकाच्या प्रचलित स्वरूपातली) फाइल, एका वेळी किती वाचक, किती वर्षे. मुदत लिहायची राहिली तर कायदा पाचच वर्षे धरतो. इथेच बहुतेक संस्था फसतात.

आता स्कॅनिंग. संस्थेकडे छापील प्रत असेल, तर जतनासाठी डिजिटल प्रत ठेवायला कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ मुभा देते. ती मुभा साठवण्याची आहे, संकेतस्थळावर टाकण्याची नाही. टाकायचे असेल तर लेखकाचे मृत्युवर्ष पाहा. त्यानंतरची ६० कॅलेंडर वर्षे हक्क राहतो. साने गुरुजी १९५० साली गेले, त्यांचे त्यांच्या हयातीत छापलेले लेखन १ जानेवारी २०११ पासून खुले आहे. अत्र्यांचे (१९६९) २०३० उजाडल्यावर होईल. मरणोत्तर प्रथम छापलेल्या पुस्तकाची ६० वर्षे प्रकाशनापासून मोजतात. शीर्षकपृष्ठाची मागची बाजूही वाचा : अनुवादक, प्रस्तावनाकार, चित्रकार यांचे हक्क वेगळे चालतात. मूळ लेखक जुना म्हणून अनुवाद खुला होत नाही.

प्रश्न : अंध सभासदांना हीच पुस्तके देता येतील?

उत्तर : येतील, आणि जरूर द्या. २०१२च्या दुरुस्तीनुसार ना-नफा संस्थेला कॉपीराइट शिल्लक असलेल्या पुस्तकाचीही सुलभ, म्हणजे अंधांना वाचता येईल अशी प्रत करता येते. किंमत निर्मितीखर्चापुरतीच घ्यावी आणि प्रत इतरांकडे जाणार नाही याची काळजी घ्यावी. मात्र नुसत्या स्कॅनचा पीडीएफ म्हणजे चित्र; स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचणारी प्रणाली, त्यावर गप्प बसतो. ३०० डीपीआयवर स्कॅन करून संगणकाकडून मजकूर ओळखून घ्या आणि युनिकोडमध्ये तपासा. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला ‘ऱ्य’ आणि अनुस्वार हमखास चुकतात. प्रकाशकाकडून श्रीलिपीतली (युनिकोड नसलेल्या जुन्या फॉन्टमधली) फाइल आली तर आधी युनिकोड करा, नाहीतर यंत्र निव्वळ निरर्थक अक्षरे वाचेल.