मिशनला जायचंय पण सपोर्ट ६४ टक्क्यांवर अडकलाय, रिटायरमेंट फंड मोडू का?

ताई, तुमचं पत्र मोठं आहे, बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगतो. तुम्ही ३७ वर्षांच्या, नर्स, मिस्टर ३९, शिक्षक, मुलं दोन. परदेशातल्या सेवाकार्यासाठी मिशन संस्थेने तुमची निवड केलीये, पहिली टर्म तीन वर्षांची. संस्थेची अट अशी की महिन्याच्या पूर्ण खर्चाइतके प्लेज, म्हणजे दरमहा मदत द्यायचे लोकांचे शब्द, आधी जमले पाहिजेत, मगच निघायचं. चौदा महिने मंडळ्यांमधून, म्हणजे चर्चमधून, फिरून आकडा ६४ टक्क्यांवर येऊन बसलाय. म्हणून आता उरलेले ३६ टक्के दरमहा स्वतःच्या रिटायरमेंट फंडातून घालून यंदाच निघावं असं चाललंय, आणि संस्थेचीही त्याला ना नाही. फंडात साधारण चार वर्षांच्या खर्चाइतके पैसे, इमर्जन्सी फंड पाच महिन्यांचा, आणि एक छोटं कर्ज चालू आहे.

माझं मत सरळ सांगतो, दरमहाच्या खर्चासाठी फंडाला हात लावू नका. तुमचं पाचारण, म्हणजे देवाचं बोलावणं, खरं की नाही हे तपासणारा मी कोणी नाही, ते काम तुमच्या पाळकांचं, म्हणजे पास्टरांचं. मी फक्त हिशोब बघतो.

महिन्याचा खर्च १०० धरू. तुम्ही ३६ घालणार, ३६ महिने. म्हणजे १२९६, जवळजवळ तेरा महिन्यांचा पूर्ण खर्च. चार वर्षांतले तेरा महिने गेले तर काय बिघडलं असं वाटेल, पण हे पैसे तुमच्या साठीपर्यंत अजून २३ वर्षं वाढणार होते ना. महागाई वजा जाता ४ टक्के वाढ धरली तरी ते अडीचपटीच्या जवळ जातात, म्हणजे म्हातारपणीचे ३२ महिने तुम्ही आत्ता खर्च करताय. शिवाय दोघांच्याही नोकऱ्या सुटल्या की फंडात नवीन भर पडणं बंद, तो तोटा मी यात धरलेलाच नाही.

आणि ३६ हा आकडा ३६ च राहील हे कशावरून? प्लेज म्हणजे काही फिक्स्ड डिपॉझिट नव्हे, कोणाची नोकरी जाते, कोणी मंडळी बदलतं, कोणी नुसतंच विसरतं. दुसऱ्या वर्षी ६४ चे ५४ झाले तर खड्डा ४६ चा. त्यात प्लेज येणार इथल्या चलनात आणि खर्च तिथल्या, इथलं चलन दहा टक्के घसरलं की काहीही न करता ६४ चे ५८ च उरतात. संस्था पूर्ण सपोर्टचा आग्रह धरते ती यासाठीच, आणि स्वतःचे पैसे घालून तुम्ही ती अट पाळत नाही आहात, फक्त ती पाळल्यासारखी दिसतेय.

तुम्ही लिहिलंय की चीनला गेलेल्या इंग्रज मिशनरी हडसन टेलरने कोणापुढे हात पसरला नाही, विश्वासाने गेला. बरोबर आहे, १८६५ मध्ये त्यांनी चायना इनलँड मिशन काढलं तेव्हा ठराविक पगार नाही आणि पैशासाठी कोणाला गळ घालायची नाही असं ठरवलं होतं. पण त्याच नियमांमध्ये कर्ज काढायचं नाही हेही होतं, ते आपण सोयीने विसरतो. त्याआधी ज्या संस्थेने त्यांना चीनला पाठवलं होतं तिचे पैसे धड वेळेवर येत नसत आणि ती कर्जावर चालली होती, म्हणून १८५७ मध्ये त्यांनी तिचा राजीनामा दिला. नंतर ते स्वतः चीनमध्ये असताना इंग्लंडची बाजू विल्यम बर्जर सांभाळत होते. एकटा माणूस निव्वळ विश्वासावर गेला अशी ती गोष्ट नाहीच. तेव्हा तुमचं ते छोटं कर्ज निघायच्या आधी फेडा, आणि संस्थेचे मागच्या दोन-तीन वर्षांचे ऑडिट केलेले हिशोब मागून घ्या, मागायला लाजू नका.

मला खरी काळजी वेगळीच वाटली, ती तुम्ही पत्रात जाता जाता एका ओळीत लिहिलीये. तुमच्या ६४ पैकी ३० एकाच मंडळीकडून येतात. मिशनरी अडोनिराम जडसन पतीपत्नी १८१२ मध्ये अमेरिकेतून निघाले ते एका मिशन बोर्डाच्या भरवशावर. वाटेत बाप्तिस्म्याबद्दलचं त्यांचं मत बदललं आणि तो आधार तुटला, परदेशात पोचून पाठीमागे कोणीच नाही. दुसऱ्या जहाजाने आलेल्या ल्यूथर राइसचंही मत तसंच बदललं होतं, ते अमेरिकेला परत गेले आणि गावोगाव फिरून बाप्टिस्ट मंडळ्या या कामाच्या पाठीशी उभ्या केल्या, १८१४ मध्ये फिलाडेल्फियात त्यांची एकत्रित संघटना झाली. जडसन ब्रह्मदेशात टिकले त्यात राइसच्या त्या पायपिटीचा वाटा मोठा. तुमच्यासाठी राइस कोण आहे? त्या ३० वाल्या मंडळीचे पाळक बदलले, कमिटी बदलली तर तिथे उभं राहून तुमच्याबद्दल बोलणारं कोण आहे?

विल्यम केरीचंही तसंच. १७९२ मध्ये इंग्लंडातल्या केटरिंगला मिशन संस्था काढायला जमलेल्यांनी पहिला निधी गोळा केला तो १३ पौंडांच्या किंचित वर, आणि १७९३ मध्ये केरी बंगालला पोचल्यावर पैसे इतके लवकर संपले की पुढच्या वर्षी निळीच्या कारखान्यात मॅनेजरची नोकरी धरावी लागली. (मराठीचं व्याकरण लिहिणारे केरी ते हेच.) तिकडे त्या संस्थेचे सेक्रेटरी अँड्र्यू फुलर १८१५ मध्ये मरेपर्यंत मायदेशात निधीसाठी फिरत राहिले, खाणीत उतरणारा एक आणि वर दोर धरणारे बाकीचे ही उपमा त्यांच्यामुळेच रूढ झाली. तुम्ही फंड मोडताय म्हणजे खाली उतरता उतरता स्वतःच्याच कमरेचा दोर हातात धरताय.

म्हणून हे ३६ टक्के नुसते पैशाचे नाहीत, तेवढी माणसं अजून जोडली गेलेली नाहीत. चौदा महिन्यांत प्रार्थनापत्र किती जणांना गेलं ते लिहिलंत, पण समोर बसून, महिन्याचा आकडा सांगून किती जणांना विचारलंत ते नाही लिहिलं. माझा अंदाज, फार कमी. बायबलमध्ये बघा, फिलिप्पैच्या मंडळीने प्रेषित पौल थेस्सलनीकेत असतानाही त्याची गरज भागवली, रोमकरांना तर तो स्पेनच्या प्रवासासाठी मदत करा असं न गेलेल्या ठिकाणी आधीच लिहून ठेवतो. राहुट्या शिवणारा माणूस होता तो, तरी मागायला संकोचला नाही. राहुट्यांवरून आठवलं, तुमचं नर्सिंगचं रजिस्ट्रेशन काही झालं तरी चालू ठेवा. तिथे काम करता येईल का ते व्हिसा ठरवेल, पण परत आल्यावर तेच उपयोगी पडेल.

स्वतःचे पैसे कुठे घालायचे? एकदाच होणाऱ्या गोष्टींत. भाषेचा कोर्स, ट्रेनिंग, मेडिकल तपासण्या, आणि जमलं तर दोन-तीन आठवडे तिथे जाऊन राहून या. घरभाडं, शाळा, दवाखाना यांचे खरे आकडे तिथेच कळतात आणि कदाचित तुमचा १०० चाच आकडा चुकीचा निघेल. हे सगळं नोकरी चालू असताना पगारातून करा. इन्शुरन्स मात्र महिन्याच्या बजेटमध्येच धरा, आणि गंभीर आजारात दुसऱ्या देशात हलवायचा खर्च त्यात आहे का ते पॉलिसी उघडून स्वतः वाचा. परतीसाठी चौघांची तिकिटं आणि परत आल्यावरचा सहा महिन्यांचा खर्च बाजूला ठेवा, पाच महिन्यांचा इमर्जन्सी फंड आहे त्यात भर घालून. लूकच्या शुभवर्तमानातला बुरूज बांधणारा आधी बसून खर्च काढतो तो तुम्ही दर रविवारी ऐकता, मी काय सांगणार.

वेळ लागू दे की वर्षभर अजून. दर तीन महिन्यांनी आकडा बघा. ८५ च्या पुढे गेलात, एकट्या कोणाचाही वाटा २० च्या वर नसेल आणि कर्ज फिटलेलं असेल, तर उरलेली फट पहिल्या सहा महिन्यांपुरती बचतीतून भरायला मी हो म्हणेन. हे ८५ आणि २० माझे ठोकताळे आहेत, शास्त्र नव्हे. वर्षाने पण ६४ च असेल तर संस्थेशी आणि पाळकांशी एकत्र बसून छोट्या टर्मचा विचार करा.

शेवटचं तुम्ही विचारलंय की सपोर्ट देणाऱ्यांना आपली बचत किती ते सांगावं का, लोक म्हणतील यांच्याकडे तर पैसे आहेत. सांगा. दान नेताना कोणी बोट दाखवू नये म्हणून पौल सोबत माणसं घेऊन जातो, करिंथकरांच्या दुसऱ्या पत्रात आहे ते. आकडा सांगायला अवघडल्यासारखं वाटत असेल तर इतकंच सांगा की हा आमच्या म्हातारपणाचा फंड आहे, याला हात लावणार नाही, आणि महिन्याला अमुक इतके कमी पडतायत.