गोळी घरी घ्यायची असली तरी देखरेख हवीच

प्रश्न : माझे वडील यंत्रमागावर काम करतात. त्यांचा मोठ्या आतड्याचा कर्करोग यकृतात पसरला असून, दोन प्रकारची केमोथेरपी झाल्यावर डॉक्टरांनी आता रेगोराफेनिबच्या गोळ्या सुचवल्या आहेत. सलाईनपेक्षा गोळी सौम्यच असेल ना?
– एक वाचक, सोलापूर

उत्तर : नाही, आणि हा समज मनातून काढणे मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. हे औषध गाठीला रक्त पुरवणाऱ्या नव्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखते. त्यामुळे केस सहसा गळत नाहीत, पण रक्तदाब वाढू शकतो, यकृताला इजा होऊ शकते आणि तळहात-तळपाय लाल होऊन सोलतात किंवा त्यांवर फोड येतात. दिवसभर मागाजवळ उभे राहणाऱ्या माणसाला हा शेवटचा त्रास फार जाचतो, म्हणून गोळी सुरू होण्याआधीच पायांच्या भेगा व घट्टे दाखवून घ्यावेत, युरियायुक्त मलम लावावे, मऊ चप्पल वापरावी आणि सोलापूरच्या उन्हाळ्यात तापलेल्या फरशीवर अनवाणी चालू नये.

गोळ्या 21 दिवस घेऊन 7 दिवस थांबायचे असते. पूर्ण मात्रा रोज 160 मिलिग्रॅम आहे. मात्र 80 पासून सुरू करून त्रास पाहत दर आठवड्याला वाढवण्याची पद्धतही अभ्यासांत उपयुक्त ठरली आहे, तिच्याविषयी डॉक्टरांना जरूर विचारा. गोळी कमी स्निग्ध जेवणानंतर घ्यावी : भाकरी, वरण, भाजी चालेल, पण त्या वेळी शेंगाचटणी आणि तेलाची तर्री नको. पहिले सहा आठवडे दर आठवड्याला रक्तदाब, तर पहिले दोन महिने दर पंधरवड्याला यकृताची रक्ततपासणी आवश्यक असते. डोळे पिवळे होणे, काळी शौचास होणे किंवा ताप येणे, यांपैकी काहीही दिसल्यास पुढच्या तारखेची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

लाभाबद्दल स्पष्ट लिहितो, कारण कुटुंबाने खर्चाचा निर्णय अंधारात घेऊ नये. या औषधाला 2012 साली अमेरिकेत मान्यता मिळाली ती ज्या चाचणीवरून, तीत मध्यम आयुर्मान (म्हणजे निम्मे रुग्ण जितका काळ जगले तो) 5 महिन्यांवरून 6.4 महिने झाले. गाठ आकसण्यापेक्षा ती काही काळ थोपवली जाणे, हाच बहुधा लाभ असतो.

पैसे भरण्यापूर्वी गाठीच्या नमुन्याचा आरएएस, बीआरएएफ, हर-टू आणि एमएसआय या, गाठीतील जनुकीय बदल दाखवणाऱ्या तपासण्यांचा अहवाल मागून घ्या. बीआरएएफमध्ये व्ही600ई हा बदल आढळल्यास एन्कोराफेनिब गोळीसोबत सेटुक्सिमॅब इंजेक्शन हा वेगळा मार्ग उपलब्ध असतो. दुसरे मत हवे असल्यास आपल्याच जिल्ह्यात बार्शीला नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालय आहे. तेथे जाताना सर्व जुने कागद सोबत न्यावेत.