पळस फुलला की कॅमेरा कुठे न्यायचा

पक्ष्यांचे फोटो काढायचेत ना, मग लेन्सचं नंतर बघ. आधी ८ बाय ४२ ची दुर्बीण घे, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, पुढची काच ४२ मिलिमीटरची. पक्षी नीट बघता आला की फोटो जमायला लागतो.

नाशिक जिल्ह्यातल्या नांदूर मध्यमेश्वरला जायचं तर होळीच्या आधी उरक. रामसर या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत आल्याचं २०२० मध्ये जाहीर झालेली राज्यातली ही पहिली जागा, पण उन्हं तापू लागली की पाहुणी बदकं उत्तरेकडे पांगतात. तिथे उजाडतानाच पोच. नऊनंतर पाण्यावरची हवा थरथरते आणि दूरचा पक्षी कितीही महागड्या लेन्सने पुसटच येतो.

त्यानंतर मात्र पाणी सोड, झाडं धर. शहराबाहेर फुललेली एखादी काटेसावर किंवा पळस गाठ आणि तिथेच बसून राहा. भोरड्या, मैना, बुलबुल, सूर्यपक्षी आळीपाळीने येतात. जांभळ्या सूर्यपक्ष्याचा नर सावलीत नुसता काळा दिसतो. ऊन पडलं की गळ्यावर जांभळी-निळी झळाळी उठते. म्हणून सूर्य पाठीशी घे, शटर १/१००० सेकंद किंवा त्याहून वेगवान ठेव आणि फोकस डोळ्यावरच. मागे उजळ आकाश असेल तर एक्स्पोजर थोडं वाढव, नाहीतर पक्ष्याची नुसती काळी आकृती उरेल.

हेच दिवस बऱ्याच पक्ष्यांच्या विणीचे. घरट्याचे फोटो नकोत. मोबाईलवर आवाज वाजवून पक्षी बोलावणं तर मुळीच नको, बरोबरचा कितीही मुरलेला फोटोग्राफर आग्रह करो.