टेनिसची शिष्यवृत्ती आणि फुटबॉलचे पैसे

प्रिय मुली,

तुझ्या मेलमधला शेवटचा प्रश्न तू जाता जाता विचारलास, पण मी दोन दिवस त्याच्याशीच अडलोय. ‘काका, तिकडे अमेरिकेत आता कॉलेजच्या खेळाडूंना पगार देतात म्हणे. मग मी शिकायला चाललेय की नोकरीला?’ थंडीचे कपडे, डाळ-तांदूळ, रॅकेटच्या तारा यांबद्दल काकू लिहील. हा प्रश्न मात्र माझा.

तुझ्या टेनिस शिष्यवृत्तीच्या ऑफर लेटरमध्ये तुला ‘स्टुडंट-अ‍ॅथलीट’ म्हटलंय. ऐकायला मानाचा वाटणारा हा शब्द 1950 च्या दशकात मुद्दाम घडवला गेला. एनसीएए, म्हणजे इथल्या कॉलेजांच्या खेळांचा कारभार पाहणारी संस्था, तिचे तेव्हाचे प्रमुख वॉल्टर बायर्स. जायबंदी खेळाडू कामगार म्हणून भरपाई मागू लागतील या धास्तीने आपण तो शब्द आणला, हे पुढे त्यांनीच सांगून टाकलं. कोलोरॅडोत रे डेनिसन नावाचा फुटबॉलपटू (इथलं फुटबॉल म्हणजे चेंडू हातात घेऊन एकमेकांवर धडकत खेळायचा खेळ) 1955 साली डोक्याला मार लागून गेला. त्याच्या बायकोने भरपाई मागितली, तर राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने 1957 मध्ये ती नाकारली. कारण काय, तर कॉलेज काही फुटबॉलचा धंदा करत नाही.

आज असं म्हणायची कुणाची छाती होणार नाही. आपली ऋतुजा भोसले ज्या टेक्सस ए अँड एम विद्यापीठाकडून टेनिस खेळली, त्याच विद्यापीठाने 2023 मध्ये फुटबॉलच्या प्रशिक्षकाला कराराच्या मध्येच घरी पाठवलं आणि करारापोटी त्याला साडेसात कोटी डॉलरहून जास्त रक्कम देणं मान्य केलं. काम न करण्याचे पैसे! आणि त्याच्या हाताखाली हाडं मोडून घेणारी पोरं ‘हौशी’.

पीएच.डी. करताना मी दोन वर्षं फुटबॉलच्या मुलांना संख्याशास्त्र शिकवायचो. त्यांतला एक लाईनमन, म्हणजे पुढच्या फळीत धडका झेलणारा खेळाडू, सव्वाशे किलोचा, अतिशय मऊ बोलणारा. पहाटे पाचला व्यायामशाळा, मग वर्ग, दुपारी सराव, संध्याकाळी जुन्या सामन्यांचे व्हिडिओ, आणि रात्री नऊला माझ्यासमोर. गणित सोडवता सोडवता पेन्सिल बोटांत धरूनच झोपायचा. मी त्याला उठवायचो नाही. दुसऱ्या वर्षी गुडघा गेला आणि पुढच्या वर्षाची शिष्यवृत्ती मिळाली नाही. सामान उचलायला मी गेलो होतो. माझ्याकडून घेतलेलं कॅलक्युलेटर त्याने आठवणीने परत दिलं. तेव्हापासून माझ्या मनात शंका नाही: ते काम होतं, आणि तो कामगार होता.

कायदा हळूहळू तिकडेच सरकतोय, पण अडखळत. 2014 मध्ये नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या फुटबॉलपटूंना राष्ट्रीय कामगार मंडळाच्या विभागीय अधिकाऱ्याने कर्मचारी ठरवलं. हंगामात ती मुलं आठवड्याला 40 ते 50 तास खेळाला देत होती. पुढच्या वर्षी मंडळानेच त्यात पडायचं नाकारलं. 2024 मध्ये डार्टमथ कॉलेजच्या बास्केटबॉल संघाने 13 विरुद्ध 2 मतांनी युनियन केली, कॉलेज वाटाघाटीला बसलंच नाही, आणि वर्ष संपता संपता मुलांनी अर्ज मागे घेतला. त्याच वर्षी जुलैत एका अपिली न्यायालयाने म्हटलं की खेळाडू कर्मचारी असू शकतात, प्रत्यक्षात नातं कसं आहे ते तपासा. तुझ्या प्रश्नाचं कायदेशीर उत्तर आज तरी एवढंच.

पण पैसा कोर्टासाठी थांबला नाही. 6 जून 2025 ला न्यायाधीश क्लॉडिया विल्कन यांनी खेळाडूंनी एनसीएएवर केलेल्या दाव्यातली एक मोठी तडजोड मंजूर केली. जुन्या खेळाडूंना सुमारे 280 कोटी डॉलर दहा वर्षांत द्यायचे. आणि 2025-26 पासून तडजोडीत सामील झालेलं विद्यापीठ आपल्या खेळाडूंना थेट पैसे देऊ शकतं, पहिल्या वर्षी 2 कोटी 5 लाख डॉलरपर्यंत. याला पगार म्हणत नाहीत. नाव आणि चेहरा वापरण्याचे पैसे म्हणतात. पगार म्हटलं की किमान वेतन, जादा तासांचा मोबदला, दुखापतीची भरपाई, युनियन सगळं मागोमाग येतं, आणि तेच विद्यापीठांना नको आहे.

आता तुझ्याशी संबंधित भाग नीट वाच.

हे दोन कोटी कुठून येणार? विद्यापीठाच्या खेळखात्याला खरी कमाई फुटबॉल आणि पुरुषांचं बास्केटबॉल करून देतात. त्या पैशावर टेनिस, पोहणं, कुस्ती, नौकानयन जगतं. तुझ्या सामन्याला तिकीट नसतं, आणि प्रवास, कोर्ट, प्रशिक्षक, तुझी फी हे सगळं त्या लाईनमनसारख्या मुलांच्या घामातून निघतं. अनेक मोठ्या विद्यापीठांत नव्या पैशातला तीन-चतुर्थांशाच्या आसपास वाटा फुटबॉलकडे जातोय. म्हणजे खालच्या खेळांना खर्चात काटछाट. कॅलिफोर्नियातल्या कॅल पॉली विद्यापीठाने मार्च 2025 मध्ये पोहण्याचा संघच बंद केला आणि कारणांत याच तडजोडीचा खर्च सांगितला. उद्या कर्मचारी असा शिक्का बसला तर असे निर्णय वाढतील, हे मी तुझ्यापासून लपवणार नाही.

तू मुलगी आहेस याचा तुला आजवर फायदा झालाय. 1972 च्या टायटल नाइन कायद्यामुळे मुलींना खेळात समान संधी द्यावी लागते. म्हणूनच परवापरवापर्यंत मोठ्या विद्यापीठात मुलींच्या टेनिस संघाला 8 पूर्ण शिष्यवृत्त्या होत्या आणि मुलांच्या संघाला साडेचार. नव्या पैशाच्या वाटपाला हा कायदा लागू होतो का, यावर अजून भांडण चालू आहे. माझ्या मते व्हायलाच हवा.

आणि व्हिसा. एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर असताना सत्र चालू असेल तेव्हा विद्यापीठाच्या आवारात आठवड्याला 20 तासच काम करता येतं. एनसीएएच्या नियमातही हंगामात सराव-सामन्यांना आठवड्याला 20 तासांचीच मर्यादा आहे, पण तिथे सामन्याचा अख्खा दिवस तीन तास धरतात आणि प्रवास धरतच नाहीत. खेळ हे काम ठरलं आणि घड्याळ खरं लावलं, तर परदेशी खेळाडू व्हिसाच्या मर्यादेबाहेर पडेल. पर्ड्यू विद्यापीठाकडून खेळलेला झॅक ईडी कॅनडाचा. 2023 आणि 2024, सलग दोन वर्षं देशातला सर्वोत्तम कॉलेज बास्केटबॉलपटू. पण व्हिसामुळे इतरांसारख्या जाहिराती त्याला मोकळेपणाने करता आल्या नाहीत. म्हणून तुला सांगतो: कुणी सहा महिन्यांत हजार डॉलर देऊ केले, बुटांच्या कंपनीने नुसता एक फोटो मागितला, तरी परदेशी विद्यार्थ्यांच्या कार्यालयात विचारल्याशिवाय हो म्हणू नकोस. संघातल्या मैत्रिणी म्हणतील, सगळेच करतात. त्यांच्याकडे पासपोर्ट इथला आहे.

एक विनंती आहे. इकडे आल्यावर टेनिस, पोहणं यांतली मुलं फुटबॉलवाल्यांवर चिडलेली दिसतील. त्यांच्या पगारापायी आमचे संघ बुडतात, असं म्हणतील. त्यात सामील होऊ नकोस. इतकी वर्षं त्यांना न दिलेल्या पैशावर आपले संघ चालले. कोट्यवधी डॉलरचा प्रशिक्षक ठेवणाऱ्या विद्यापीठाला टेनिसचा संघ परवडत नसेल, तर ती निवड त्याची आहे, त्या मुलांची नाही. तुझ्या संघाचं अंदाजपत्रक आक्रसलं तरी मी हेच म्हणेन, आणि त्याचा मला त्रासही होईल.

बुधवारी प्रशिक्षिकेशी कॉल आहे ना? हे नक्की विचार. शिष्यवृत्ती एका वर्षाची की चार वर्षांची? दुखापत झाली तर शिष्यवृत्ती राहते का, आणि शस्त्रक्रियेचा खर्च कोण करतं? संघच बंद पडला तर पदवीपर्यंतची फी विद्यापीठ भरेल का? सरावाला आणि प्रयोगशाळेला एकच वेळ आली तर कुठे जायचं? उत्तर तोंडी मिळालं तर ‘मेलवर पाठवाल का’ म्हणून नम्रपणे सांग. त्यात काही वावगं नाही. इथे असंच करतात.

तू पाठवलेल्या पीडीएफमध्ये ऑफर लेटरचं पहिलंच पान आलंय. नूतनीकरणाच्या अटी बहुधा दुसऱ्या पानावर असतील. ते आजच पाठव. मंगळवारी तुझ्या सकाळी सातला मी फोन करतो, बाबांनाही बसव.

तुझा,
काका