मेलखाली ‘दे/देम’ लिहिलंय, पण मराठीत बोलायचं कसं?

प्रश्न: हिंजवडीत आयटीत आहे. एचआरने सगळ्यांना मेलच्या सहीत प्रोनाउन (आपल्याला इंग्रजीत ‘ही/हिम’ म्हणावं, ‘शी/हर’ की ‘दे/देम’ ते) टाकायला सांगितलेत. टाकलेच पाहिजेत का?

टाकायचे त्यांनी टाकावेत, सक्ती मला पटत नाही. ज्याचं स्वतःचंच अजून ठरत नाहीये त्याने काय करायचं, खोटं लिहायचं की अख्ख्या फ्लोअरला सांगायचं?

प्रश्न: टीममध्ये एकांचे प्रोनाउन दे/देम आहेत, म्हणजे ना ‘ही’, ना ‘शी’. इंग्रजीत जमतं, टपरीवर चहा घेताना मराठीत फाफलतो. ‘ते’ म्हणू का?

खरी गोची इथेच आहे, कारण आपल्याकडे क्रियापदच सगळं सांगून टाकतं, आला की आली. एकवचनी ‘ते आलं’ म्हटलं तर लहान पोराबद्दल बोलल्यासारखं वाटतं, कुणाला चालेल, कुणाला टोचेल. त्यापेक्षा अहो-जाहो करा. ‘त्यांनी मेल टाकला’, ‘त्यांना विचार’, ‘उद्या येणार आहेत’, यातून बाई की पुरुष कळतच नाही. अडतं ते ‘आले’ की ‘आल्या’ला, तिथे ‘ऑफिसात आहेत’ म्हणून सुटायचं. समोरासमोर अरे-तुरेच असेल तर ‘जेवलास का’ऐवजी ‘जेवण झालं का’, आणि तसंही पुण्यात दुपारी दुसरं कोण काय विचारतं! आणि हो, ते स्वतः ‘मी निघालो’ म्हणतात की ‘निघाले’, तेही जरा ऐका, मग एकदा बाजूला घेऊन सरळ विचारा.

प्रश्न: नाव बदललंय पण आधारवर जुनंच आहे. टीम्सवर (ऑफिसच्या चॅटवर) नवीन नाव हवं तर एचआर म्हणतं आधी गॅझेट, म्हणजे राजपत्रातली नावबदलाची नोंद, आणा.

पगार, पीएफ, फॉर्म 16 ला आधार-पॅनवरचं नाव लागणार, ते मान्य. पण टीम्स, मेल आयडी, आयकार्डला कशाला गॅझेट? लग्नानंतर माहेरचंच आडनाव वापरणारीला मेल आयडीसाठी कोणी गॅझेट मागतं का? खराडीत एकांचं आयकार्ड पाहिलं होतं मी, जुन्या नावावर चिकटपट्टी, त्यावर पेनाने नवीन नाव आणि पट्टीखालून जुनं दिसतंच होतं. तुम्ही ट्रान्सजेंडर असाल तर हेही सांगा की 2014 च्या नालसा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात सुप्रीम कोर्टाने स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवायचा हक्क मान्य केला, आणि 2019 च्या ट्रान्सजेंडर व्यक्ती हक्क संरक्षण कायद्याने नोकरीत भेदभावाला मनाई आहे, शिवाय कंपनीला तक्रार अधिकारी नेमावा लागतो. मागणी तोंडी नको, मेलवर करा.

प्रश्न: मीटिंगमध्ये चुकून सहकाऱ्याचं जुनं नाव घेतलं, आता फार ओशाळल्यासारखं झालंय.

सॉरी म्हणायचं, नीट नाव घ्यायचं आणि पुढचा मुद्दा. दहा मिनिटं माफी मागत बसलात तर त्यांनाच तुमची समजूत काढावी लागते. आणि फोनमध्ये जुन्या नावाने सेव्ह असेल तर ते आत्ताच बदला, कॉल आला की तेच दिसतं आणि तेच तोंडात येतं.